नकाराला लेखी उत्तर

पुरुषोत्तम वझलवारांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जुलै महिना होता आणि ते स्वेटर घालून बसले होते. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयच्या ज्या कारखान्यात मला १९८१ साली टायपिस्टची नोकरी लागली, तिथे गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनत. त्या कारखान्याच्या एका कोपऱ्यात काचेची खोली होती. कामगारांची मोजायची साधनं, म्हणजे मायक्रोमीटर, गेज वगैरे, तपासणीसाठी तिथे येत. धातू उष्णतेने फुगतो आणि थंडीने आकसतो, म्हणून ती खोली बाराही महिने अडुसष्ट डिग्री फॅरनहाइटवर ठेवलेली असे. बाहेर आम्ही घामाने निथळत असू आणि आत हा पन्नाशीचा नागपूरकर, राखाडी स्वेटर आणि पांढरे हातमोजे घालून, कुणाशी चकार शब्द न बोलता बसलेला असे.

माझं टेबल काचेच्या अलीकडे होतं. माझ्या नावावरून मी मराठी आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार. तरी बोलायला त्यांनी अकरा दिवस घेतले. बाराव्या दिवशी बाहेर येऊन म्हणाले, "तुम्ही कुठल्या?" मी म्हटलं, "सांगलीची." ते म्हणाले, "हं." आणि आत गेले. तो आठवडा तेवढ्यावरच संपला.

मी घरी येऊन राजीवला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, शाय असेल बिचारा. एकदा जेवायला इन्व्हाइट कर." शाय कसला, चांगला घुम्या होता! पण जेवायला मी बोलावलं. एकदा नाही, सहा वर्षं बोलावत राहिले. गणपतीला बोलावलं, मंडळाच्या दिवाळीला बोलावलं. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "बघू." मला या 'बघू'चा इतका राग येई, की एकदा मी तोंडावर विचारलं, "काका, नक्की कुठून बघता तुम्ही? आम्हाला तर कधी दिसला नाहीत." ते हसले. त्यांना हसता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

हळूहळू माहिती जमली, तीही इकडून तिकडून. १९६९ साली बायकोला घेऊन आले होते. मालिनीबाई दोन वर्षांत कॅन्सरने गेल्या. मूलबाळ नाही. एका बेडरूमचं अपार्टमेंट, जुनी गाडी, आणि त्या गाडीचे रस्ते तीनच: घर, कारखाना, किराण्याचं दुकान. हायवेवर त्यांनी गाडी कधी घातलीच नव्हती. कारखान्यात त्यांना सगळे पीट म्हणत. वझलवार म्हणायचा त्रास कुणी घेतला नव्हता आणि यांनीही कधी दुरुस्ती केली नव्हती.

बाकी गोष्टींत मात्र दुरुस्तीचा भारी सोस. एखादा फोरमन मायक्रोमीटर आणून टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "पीट, हे कॅलिब्रेट करून दे." त्याला म्हणायचं असे की बिघडलंय, नीट करून दे. झालं, काकांच्या कपाळावर आठी! कॅलिब्रेट करणं म्हणजे नीट करणं नव्हेच, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांनी ते एकदा समजावून सांगितलं, तेही मी हट्टाला पेटले म्हणून. "नंदाताई, वाण्याचा तराजू किलोमागे वीस ग्रॅम जास्त दाखवतो, हे शोधून लिहून ठेवणं म्हणजे कॅलिब्रेशन. स्क्रू पिळून तराजू बरोबर करणं हे वेगळं काम. आधी स्क्रू पिळलात की संपलं. तो आजवर किती चुकत होता, हे जगात कुणालाच कधी कळणार नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की एखादं माणूस हरवल्याची गोष्ट सांगताहेत असं वाटावं. स्वतःचं मनगटी घड्याळ सात मिनिटं पुढे होतं, तेही त्यांनी कधी मागे केलं नाही. चूक ठाऊक आहे, मग झालं तर, म्हणायचे.

असे शब्दांवरून भांडणारे लोक देशात आणखीही होते, हे मला त्यांची पत्रं टाइप करायला लागल्यावर कळलं. इंजिनिअरांच्या एका संस्थेने मोजमापशास्त्रातल्या शब्दांचे अर्थ एकदाचे पक्के करायला एक समिती नेमली होती. अचूकता कशाला म्हणायचं, चूक कशाला, कॅलिब्रेशन कशाला. सगळ्या कारखान्यांनी आणि प्रयोगशाळांनी एका शब्दाला एकच अर्थ घ्यावा म्हणून एक पुस्तक काढायचं होतं. समितीत अठरा सभासद, अठरा गावांचे. वर्षातून तीनदा टपालाने मतपत्रिका येई. व्याख्या वाचायची आणि खूण करायची: मान्य, नामंजूर किंवा तटस्थ. नामंजूर म्हटलं तर कारण लिहून द्यायचं. आणि नियम असा होता, की कुणीही लेखी नकार दिला तर समितीने त्याला लेखी उत्तर दिलंच पाहिजे.

काकांना कारखान्याने १९७६ साली या समितीवर पाठवलं होतं, कारण दुसऱ्या कुणाला त्यात रस नव्हता. तेव्हापासून त्यांनी एकाही मतपत्रिकेवर 'मान्य' अशी खूण केलेली नव्हती.

बोलण्यात घुम्या असलेला हा माणूस कागदावर वाघ होता. चार-चार, पाच-पाच पानं. मुद्दा एक, मुद्दा दोन, मुद्दा दोनचा उपमुद्दा तीन. टाइप करून माझी बोटं दुखायची. मी कुरकुरले की म्हणायचे, "नंदाताई, सॉरी, पण हा पॉइंट सोडता येत नाही हो." उत्तर समितीचे अध्यक्ष देत. शेजारच्या ओहायो राज्यातल्या टोलिडोचे कुणी लेनर्ड हॅल्व्हरसन म्हणून होते. त्यांचीही चार पानं यायची, स्वतः टाइप केलेली, मधूनमधून पेनाने दुरुस्त्या. सुरुवात नेहमी 'डिअर मिस्टर वझलवार' अशी, आणि स्पेलिंग अगदी बरोबर. अख्ख्या मिशिगनला जे जमलं नव्हतं ते ओहायोतल्या या माणसाला जमलं होतं.

ते पाकीट आलं की काचेपलीकडची हालचाल बदलायची. काका ते लगेच उघडत नसत. आधी हातातलं गेज संपवायचे, नोंद करायचे, हातमोजे काढून घडी घालायचे आणि मग खुर्ची भिंतीकडे वळवून वाचायला बसायचे. वाचताना त्यांच्या खांद्यांवरून मला कळे, की कुठे पटतंय आणि कुठे चिडलेत. वर्षातले ते तीन दिवस. बाकीच्या दिवसांत त्यांना कारखान्याच्या पगाराच्या चिठ्ठीखेरीज कुणाचं काही येत होतं असं मला वाटत नाही.

हॅल्व्हरसन प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ घालत: ऑक्टोबरात टोलिडोला समितीची बैठक आहे, तुम्ही या, कॉफी पीत भांडू. टोलिडो आमच्यापासून पंचाहत्तर मैल. मी म्हणायची, "काका, जा की! मी ड्राइव्ह करते, राजीव मुलांकडे बघेल." ते म्हणायचे, "बघू." फार पाठी लागले तेव्हा एकदा खरं बोलले. "मी बोलायला लागलो की लोक घड्याळाकडे बघतात. माझे उच्चार, माझं अडखळणं. कागदावर मी त्यांना बरा वाटतो. तेवढं राहू द्या."

१९८४च्या मार्चमध्ये उत्तराला उशीर झाला. आलं तेव्हा नेहमीची चार पानं होती, आणि सहीखाली हाताने लिहिलेली एक ओळ. 'उशिराबद्दल माफ करा, नऊ तारखेला माझी पत्नी मेरियन वारली.'

उत्तराचा मसुदा काकांनी मला दिला. मुद्दा एक, मुद्दा दोन, मुद्दा तीन अमान्य. मेरियनबद्दल अक्षर नाही. माझं डोकंच फिरलं. मी कागद घेऊन तशीच काचेच्या खोलीत शिरले. आत स्वेटरशिवाय जायचं नसतं, हातमोज्यांशिवाय काही धरायचं नसतं, हे सगळं विसरले. "काका, माणसाची बायको गेली आणि तुम्ही मुद्दा तीन अमान्य म्हणता? दोन ओळी लिहा. तुम्हाला नसेल जमत तर मी लिहिते."

त्यांनी हातातलं गेज खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "ते लिहायला घेतलं तर मालिनीचंही लिहावं लागेल. तेरा वर्षांत मी कुणाला लिहिलं नाही. या पत्रात ते बसत नाही, नंदाताई."

मी तो मसुदा जसाच्या तसा टाइप केला. तेव्हा मला ते दगडाच्या काळजाचे वाटले होते, हे मी कबूल करते. तसे ते नव्हते.

आता मुख्य गोष्ट. १९८७च्या जूनमध्ये शेवटची मतपत्रिका आली. अकरा वर्षांनी सगळ्या व्याख्या मार्गी लागल्या होत्या, एकच राहिली होती: कॅलिब्रेशन. सोबत हॅल्व्हरसनांचं पत्र होतं, यावेळी एकच पान. त्यांनी लिहिलं होतं की मी एकाहत्तर वर्षांचा झालो, हृदय बरं नाही, डॉक्टर काम सोडा म्हणतात. अध्यक्षपद सोडण्याआधी हे पुस्तक हातात घ्यायची इच्छा आहे. कॅलिब्रेशनसाठी तुमचीच व्याख्या आम्ही घेतली आहे, तुमच्या १९८२च्या पत्रातली, एक शब्दही न बदलता. बाकी सतरा मतं मान्य अशी आली आहेत. तुमची वाट पाहतो.

मी ती व्याख्या वाचली. ओळखीचीच होती, मीच तर टाइप केली होती! ठरावीक परिस्थितीत साधन किती चुकतं हे शोधून नोंदवणं, त्यात साधनाला हात लावणं येत नाही. मला काकांचा इतका अभिमान वाटला, की कॅन्टीनमधून मी दोघांसाठी केक आणला. तो त्यांनी खाल्लाही. मग आठ दिवस मतपत्रिका त्यांच्या टेबलावर पडून राहिली.

नवव्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर मसुदा ठेवला. नामंजूर. कारण, 'ठरावीक परिस्थिती' म्हणजे कोणती हे व्याख्येत पुरेसं स्पष्ट नाही. पुढे साडेचार पानं.

मला आधी वाटलं माझीच वाचण्यात चूक होतेय. मग मी म्हटलं, "काका, हे तुमचंच वाक्य आहे. तुम्ही तुमच्याच वाक्याला नामंजूर म्हणताय."

"हो."

"आणि त्या म्हाताऱ्याला पुस्तक बघायचंय."

"हो."

"मग हा काय वेडेपणा? तुम्हाला पुस्तक नकोच आहे का?"

ते काचेला टेकून उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुस्तक निघालं की समिती संपली, नंदाताई. मग ते मला कशासाठी लिहितील? एकच पत्र अजून. एक उत्तर येऊ दे, मग पुढच्या वेळी मान्य करतो. चार महिन्यांनी काय बिघडणार आहे?"

आणि मी, जी एरवी कुणाचं ऐकून घेत नाही, ती खाली बसले आणि टाइप करायला लागले. मला त्यांची दया आली. दुसऱ्या दिवशी पाकीट मीच पोस्टात टाकलं. त्याचं ओझं आजही माझ्यावर आहे आणि ते मला कुणाच्या अंगावर ढकलता येत नाही.

जुलै गेला. उत्तर साधारण पाच आठवड्यांत येई. ऑगस्टही गेला. काका रोज सकाळी टपालाच्या वेळी हातातलं काम थांबवून बाहेर बघू लागले, जे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. मी 'नाही' म्हणून मान हलवली की परत कामाला लागायचे. एकदा म्हणाले, "लांबलचक लिहीत असतील. मुद्दा चारला उत्तर देणं सोपं नाही." मी म्हटलं, "तर काय!" पण माझ्या मनात पाल चुकचुकली होती, आणि त्यांच्याही चुकचुकली असणार.

सप्टेंबरच्या मध्यावर पाकीट आलं. पातळ होतं. आत ऑक्टोबरच्या बैठकीची छापील सूचना. विषय क्रमांक एक: माजी अध्यक्ष एल. हॅल्व्हरसन यांना श्रद्धांजली, निधन २ ऑगस्ट. विषय क्रमांक दोन: पी. वझलवार यांच्या नकारावर निर्णय.

काकांनी हातमोजे न काढता ते वाचलं. मग कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मला टोलिडोला न्याल का?"

ऑक्टोबरात, एका शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. त्यांनी कोट घातला होता, बहुधा लग्नातला, खांद्यांवर घट्ट होत होता. सव्वा तासात आम्ही हॉटेलच्या दारात होतो. गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "पोचलो?" मी म्हटलं, "पोचलो." त्यांचा विश्वास बसेना.

हॉलमध्ये चौदा-पंधरा माणसं लांब टेबलाभोवती बसली होती. मला मागच्या खुर्चीवर बसू दिलं. श्रद्धांजलीला सगळे उभे राहिले. मग नव्या अध्यक्षांनी काकांचा नकार काढला आणि वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या पानावर ते थांबले आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "मिस्टर वझलवार, ही भाषा तुमचीच आहे ना?" नावाचा उच्चार त्यांनी तीन तुकड्यांत केला.

काका उभे राहिले. हात टेबलावर टेकले होते. अडखळत इंग्रजीत म्हणाले, "माझ्या नकाराला तांत्रिक कारण नाही. मी तो मागे घेतो. मिस्टर हॅल्व्हरसन असताना घ्यायला हवा होता. माझी चूक आहे. ती नोंदवावी."

कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "थँक यू." व्याख्या मंजूर झाली, आणि अकरा वर्षांचं काम पाच मिनिटांत संपलं.

बैठक सुटल्यावर पांढऱ्या केसांची एक बाई आमच्याकडे आली. डोरोथी तिचं नाव, समितीची सगळी कागदपत्रं तीच सांभाळत असे. तिच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं. म्हणाली, "लेनर्डच्या घरून आलंय. यातली बहुतेक पत्रं तुमचीच आहेत, तुम्हीच न्या." वरती काकांची पत्रं, तारखांप्रमाणे लावलेली, प्रत्येकाला उत्तराची कार्बन कॉपी जोडलेली. त्यांच्या खाली इतर सभासदांचे नकार होते. त्यांनाही काही तरी जोडलेलं होतं, पण ते पत्र नव्हतं. हाताच्या पंजाएवढी छापील चिठ्ठी होती. 'आपल्या नकारावर विचार केला. तो ग्राह्य वाटला नाही.' शेजारी चौकोन, चौकोनात खूण, खाली आद्याक्षरं.

काकांनी एक चिठ्ठी उचलली, मग दुसरी, मग तिसरी. सगळ्या तशाच. त्यांनी डोरोथीला विचारलं, "नकाराला उत्तर द्यावंच लागतं, असा नियम आहे ना?"

"आहे ना. हेच उत्तर," ती म्हणाली. "एवढ्याने भागतं. सगळ्यांना हेच जातं."

"मला ही कधी आली नाही."

"तुम्हाला त्यांनी कधी पाठवलीच नाही. मी एकदा म्हटलंसुद्धा, लेनर्ड, एक खूण करायची सोडून शनिवार-रविवार घालवून चार पानं कशाला बडवतोस? तर म्हणाले, मी चार लिहिली तर तिकडून पाच येतात."

ती हसली, काकांचा हात दाबला आणि गेली. काकांनी खोकं उचललं. मी घ्यायला गेले तर दिलं नाही. पार्किंगमध्ये आलो, त्यांना गाडीत बसवलं, खोकं मांडीवर. एक चिठ्ठी अजून त्यांच्या मुठीत होती.

मूठ उघडून त्यांनी ती पुन्हा वाचली. मग ते म्हणाले, "नंदाताई, अकरा वर्षं मला वाटत होतं, त्यांना लिहावंच लागतं."

आणि मग ते रडू लागले, भर दुपारी, त्या घट्ट कोटात, खोकं दोन्ही हातांनी धरून. मला गप्प बसायची सवय नाही. पण त्या दिवशी किल्ली हातात धरून मी बसून राहिले. त्यातली सहा वर्षं त्यांची सगळी पत्रं मी टाइप केली होती, त्यांना आलेली सगळी उत्तरं मी वाचली होती, आणि मलाही तसंच वाटत होतं.